सोळा हजार हायफन गेले, तरी माझी पेन्सिल झिजतेच आहे

परवा एक मुलगा पीएचडीचा इंग्रजी प्रबंध माझ्याकडे तपासायला घेऊन आला. विषय बायोटेक्नॉलॉजी. मी पेन्सिलीने घातलेले हायफन, म्हणजे दोन शब्द जोडणाऱ्या आडव्या रेघा, बघून त्याचा चेहरा पडला. "ताई, एवढे हायफन कशाला? ऑक्सफर्डनेच काढून टाकलेत ना सोळा हजार!"

मुलगा म्हणत होता ते अर्धं खरं आहे. ज्या पुस्तकामुळे ते खरं आहे, ते आमच्या जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात गेली बरीच वर्षं ठाण मांडून बसलंय. तेव्हा म्हटलं, त्याच पुस्तकाबद्दल लिहावं.

'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी', सहावी आवृत्ती, २००७. नाव शॉर्टर, पण खंड दोन आणि दोन्ही जाडजूड. पहिला ए ते एम, दुसरा एन ते झेड. वीस खंडांच्या मोठ्या ऑक्सफर्डशेजारी ठेवली तर शॉर्टर, एवढंच. मी २००९ साली पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून वापरलेली प्रत घेतली, अडीच हजारांना. वापरलेली म्हणायची इतकंच, पहिल्या मालकाने ती बहुधा एकदाही उघडली नव्हती. आमचे अहो म्हणाले, एवढ्यात मिक्सर आला असता. मिक्सर नंतर आला आणि तीन वर्षांत बिघडला. हे दोन खंड आहेत तसे आहेत.

या आवृत्तीची बातमी झाली ती हायफनमुळे. संपादकांनी वर्तमानपत्रं, पुस्तकं, वेबसाइट, ब्लॉग यांतला अब्जावधी शब्दांचा मजकूर कॉम्प्युटरवर चाळला, लोक प्रत्यक्षात काय लिहितात ते पाहिलं आणि सुमारे १६ हजार शब्दांतले हायफन काढले. काही शब्द सुटे झाले: आईस क्रीम, फिग लीफ, पॉट बेली, वॉटर बेड, टेस्ट ट्यूब. काही चिकटून एक झाले: बम्बलबी, क्रायबेबी, लीपफ्रॉग, पिजनहोल, चिकपी. म्हणजे काबुली चण्याचं लग्न लागलं आणि आइस्क्रीमचा काडीमोड झाला. असं का, याला नियम नाही. चणा जोडायचा आणि बर्फ तोडायचा हे कुठल्याही व्याकरणातून काढता येत नाही. उघडून बघावंच लागतं, आणि या पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते इथे. नामांसाठी मी याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते.

आपल्याकडे निदान याबाबतीत धोरण सरळ आहे. समास झाला की जोडा. पाणीपुरवठा एक शब्द, महानगरपालिका एक शब्द, द्वंद्व असेल तर हवं तर मध्ये रेघ: आई-वडील. पाट्यांवर 'पाणी पुरवठा' असं तोडून लिहिलेलं दिसतं तो भाग वेगळा, पण चूक कुणाची ते तरी कळतं. इंग्रजीत शब्द आधी सुटे असतात, मग हायफनने हात धरतात, मग एक होतात, आणि कुठला शब्द कधी कुठल्या पायरीवर आहे ते शब्दच जाणे. शंभरेक वर्षांपूर्वी साहेब 'टु-डे' लिहायचा. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'ई-मेल'मधला हायफन २०११ मध्ये काढला. आणि 'न्यू यॉर्कर' साप्ताहिक मात्र जग कुठे का जाईना, कित्येक वर्षं 'टीन-एजर' हायफन घालूनच छापत राहिलं. माझी आजी शेवटपर्यंत नऊवारी नेसली, त्यातलाच प्रकार. मला तो आवडतो.

आता त्या मुलाचं न पटणारं अर्धं.

डिक्शनरीने हायफन काढले ते मुख्यतः नामांतले. नाम एकटं उभं असतं तेव्हाचे. तेच दोन शब्द मिळून तिसऱ्या शब्दाच्या पुढ्यात विशेषण म्हणून उभे राहिले की हायफन परत येतो. त्याच्याच प्रबंधातलं उदाहरण दिलं. काचेची नळी म्हणजे 'टेस्ट ट्यूब', हायफन नको. पण बेबीच्या आधी आली की 'टेस्ट-ट्यूब बेबी'. 'द ऑथर इज वेल नोन' सुटं, 'अ वेल-नोन ऑथर' जोडून. 'स्मॉल बिझनेस ओनर' असं सुटं लिहिलं तर धंदा लहान की मालक बुटका, हा प्रश्न उरतोच. 'स्मॉल-बिझनेस ओनर' म्हटलं की मालकाची उंची हा विषय संपतो. मुलगा हसला आणि मग आपल्याच पानावरचे तीन हायफन त्याने गुपचूप राहू दिले.

एक सवलत आहे. पहिला शब्द '-ली' शेवटाचं क्रियाविशेषण असेल तर हायफन लागत नाही: 'हायली स्किल्ड वर्कर'. ती 'ली'च सांगते की मी पुढच्या शब्दाला चिकटलेय. मात्र 'फॅमिली-ओन्ड' मधली 'ली' ती नव्हे, फॅमिली हे नाम आहे. इथे निम्मे लोक घसरतात, आणि दुरुस्त्या सुचवणारी ॲप्सही घसरताना पाहिली आहेत.

आणि एक दुखणं खास आपल्या ऑफिसांतलं. 'प्लीज फॉलो-अप विथ द व्हेंडर'. अरे बाबा, क्रियापद असेल तर 'फॉलो अप' सुटं. 'फॉलो-अप' हे नाम: 'अ फॉलो-अप इज पेंडिंग'. 'लॉग इन' करायचं, पण पासवर्ड टाकायचा तो 'लॉगिन' पानावर. 'सेट अप', 'चेक इन', 'बॅक अप', सगळ्यांची हीच गत. रोज शंभर ईमेल पाठवणारा माणूस एवढं शिकला तर मला अर्धं काम उरणार नाही, म्हणून खरं तर सांगूच नये.

आता या पुस्तकाच्या नव्या नवलाईत मी स्वतः केलेला पराक्रम. घेतल्यानंतरचे पहिले काही आठवडे मी हायफन दिसला की उडवत सुटले होते. तेव्हा एका हाउसिंग सोसायटीच्या इंग्रजी नोटिशीचं काम आलं. कमिटीच्या सभासदांच्या सह्या चुकीच्या रकान्यात झाल्या होत्या, सगळ्यांनी पुन्हा सही करावी असा मजकूर. मूळ नोटिशीत 'री-साइन' होतं. मी हायफन उडवला. तो गेला की उच्चारही बदलतो: 'रिझाइन'. 'सर्व कमिटी मेंबरांनी शुक्रवारपर्यंत राजीनामे द्यावेत' अशी नोटीस जिन्यात लागली. सेक्रेटरींचा फोन आला. रागावले नव्हते, म्हणाले, दोघांनी दिलेसुद्धा.

तेव्हापासून पेन्सिलीने खूण करून ठेवलेले शब्द आहेत. 'री-कव्हर' म्हणजे सोफ्याचं कापड बदलणं, 'रिकव्हर' म्हणजे बरं होणं. 'री-क्रिएशन' म्हणजे पुन्हा निर्मिती, 'रेक्रिएशन' म्हणजे करमणूक. यांतले हायफन काढू नयेत.

जिथे ही डिक्शनरी अजिबात उपयोगी पडत नाही ती जागाही सांगते. कोकणातल्या एका होम-स्टेचं माहितीपत्रक होतं. मागे देवराई, तीनशे वर्षांची झाडं. इंग्रजीत छापायला आलं होतं: 'थ्री हंड्रेड-इयर-ओल्ड ट्रीज'. म्हणजे शंभर वर्षांची तीन झाडं. देवराईची पार परसबाग. 'थ्री हंड्रेड इयर-ओल्ड ट्रीज' केलं तर एकेक वर्षाची तीनशे रोपं, सरळ नर्सरी. हवं होतं ते 'थ्री-हंड्रेड-इयर-ओल्ड ट्रीज', सगळ्यांनी हात धरलेलं. शेवटी मी अंकात '३००-इयर-ओल्ड' केलं आणि मोकळी झाले. हे कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही, कारण हा शब्दच नाही, त्या एका वाक्यापुरतं जुळवलेलं आहे. यासाठी 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या लेखननियमांच्या पुस्तकातला हायफनचा लांबलचक तक्ता बघावा. तो अमेरिकन आहे, ब्रिटिश वळणाचं काम असेल तर जपून.

पुस्तक म्हणून बारीकसारीक. जोडशब्द बरेचदा मूळ शब्दाच्या पोटात छापलेत, त्यामुळे 'वॉटर'खाली काही शोधायचं म्हणजे तुळशीबागेत हरवलेली पिन शोधणं. टाइप बारीक. पन्नाशीनंतर भिंग लागतं, मी ते खंडांच्या मध्येच ठेवते. २००७ नंतरचे शब्द अर्थात नाहीत. त्यासाठी नेट आहेच. नुसतं स्पेलिंग बघायचं असेल तर एवढा भार घरात आणू नका. पण इंग्रजी तपासून चार पैसे मिळवत असाल आणि जुनी प्रत दिसली, तर सोडू नका. घेताना दोन्ही खंड आहेत ना ते बघा, एकेकटे खंडही विकायला ठेवलेले असतात. पाचपैकी चार तारे. एक कापला तो मिक्सरचा.

पहिला खंड सध्या भाचीकडे आहे, परीक्षा होईपर्यंत. तोवर वॉटर बेडचं विचारा, सांगते. आइस्क्रीमचं मेनंतर.