बिल नव्या क्लच प्लेटांचं, आत जुन्याच प्लेटा आणि वायसर

जुनी बुलेट ‘रिस्टोअर’ करायला द्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग ॲडव्हान्सचं बघा. नाशिकमध्ये सध्या या कामाचं पेव फुटलंय. टाकीचा रंग, सोनेरी रेघा, निकेल, सीट, जे डोळ्यांना दिसतं ते सगळं चोख करून देतात. हात मारतात तो झाकणाखाली, आणि क्लच तर पूर्ण झाकणाखालीच असतो.

माझी गाडी १९८४ ची ३५०, बिडाच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायाला. वडिलांनी वापरलेली, नंतर बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचं चालू आहे. बिलात मात्र स्पष्ट लिहिलंय: ‘क्लच प्लेट सेट नवीन, स्प्रिंग सेट नवीन, मजुरी वेगळी’.

गाडी हातात आली तीच जड क्लच घेऊन. द्वारकेपासून मुंबई नाक्यापर्यंतच्या गर्दीत डाव्या हाताची बोटं भरून यायची. सिग्नलला न्यूट्रल सापडायचा नाही. या गाड्यांना न्यूट्रलसाठी टाचेजवळ वेगळा छोटा दांडा असतो, पण क्लच पूर्ण सुटतच नसेल तर तो दांडा तरी काय करणार? गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं: “भाऊ, नव्या प्लेटा आहेत, बसायला वेळ लागतो. चालवा बिनधास्त.”

पुढे उलटंच सुरू झालं. क्लच घसरायला लागला, म्हणजे प्लेटा एकमेकींना धरेनाशा झाल्या. पहिली खूण किकवर दिसली. या इंजिनात किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचवर आणि तिथून इंजिनाला जातो. क्लच धरत नसला की इंजिनातल्या दाबाला (कॉम्प्रेशनला) न अडता किक सरळ खाली जाते, पायाला काही लागतच नाही. (किकचा दात झिजला तरी असंच होतं, पण तेव्हा गाडी रस्त्यावर नीट ओढते. हा फरक लक्षात ठेवा.) मग नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना खात्रीच पटली. तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर पिळला की इंजिन ओरडायचं आणि गाडी आहे त्याच वेगात रांगायची.

गॅरेजमध्ये दर वेळी वेगळं कारण मिळायचं. कधी “डबल सीट, त्यात घाट, काय होणार?” कधी “तेल बदलून बघू.” प्रत्येक वेळी गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायचे, क्लच आणखी जड होऊन यायचा, थोडे दिवस धरायचा आणि पुन्हा घसरायचा. शेवटी मालक म्हणाला, “गिअरबॉक्सचं काम निघालंय, ९,००० धरून चला.” क्लच घसरतो म्हणून गिअरबॉक्स उघडायचा, हे काही पटेना. गाडी उचलून घरी आणली.

आमच्या ओळखीतले एक काका सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला होते, आता रिटायर आहेत. त्यांनी आधी पाना हातातच घेतला नाही. “आधी केबल बघ. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी,” म्हणाले. ती होती. मग उजव्या बाजूला गिअरबॉक्सच्या कव्हरवरची छोटी टोपी काढून आतला ॲडजस्टिंग स्क्रू पाहिला. तो जास्त आवळलेला असेल तर पुश रॉड (क्लच सोडवणारी सळई) कायम दाबलेला राहतो आणि चांगल्या प्लेटाही घसरतात. नुसत्या या स्क्रूपायी नवीन सेट गळ्यात मारलेली माणसं त्यांना माहीत आहेत. माझा स्क्रू ठीक होता.

मग तेल. या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेस (इंजिनाकडून क्लचला जाणाऱ्या चेनचा बंद डबा) यांचं तेल वेगवेगळं असतं, आणि क्लच चेनकेसच्या तेलात फिरतो. चेनकेसला लेव्हलचा स्क्रू असतो. तो सैल करताच तेलाची धार लागली, म्हणजे प्रमाणापेक्षा बरंच जास्त भरलेलं. कुठलं तेल ते नुसतं बघून कळत नाही. पण काकांनी बजावलं, की डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलंच तेल घ्यायचं. ते ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी असतं. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं तेल इथे घातलं तर प्लेटा धरत नाहीत.

एवढं झाल्यावर कव्हर काढलं. ते मधल्या एकाच मोठ्या नटवर बसतं. खाली परात ठेवली, नट काढला, कव्हर हाताने ओढलं की आलं. हे मुद्दाम सांगतोय. “आत बघायचं म्हणजे दिवसाचं काम आहे, साहेब” असं कोणी म्हणालं तर तिथेच उभे राहा आणि उघडायला लावा.

प्रेशर प्लेटचे (प्लेटांची थप्पी दाबून धरणाऱ्या तबकडीचे) स्क्रू काढले आणि स्प्रिंगा बाहेर आल्या, त्यांच्याबरोबर वायसर (वॉशर) पण. प्रत्येक स्प्रिंगच्या बुडाशी साधे लोखंडी वायसर, कुठे दोन तर कुठे तीन. काही गंजलेले, काही अगदी नवे, म्हणजे दर फेरीला भर पडत गेलेली. काकांनी बाजारातून नवीन स्प्रिंग आणून शेजारी उभी केली. आमची उंचीला सरळसरळ कमी. प्लेटांचं लायनिंग झिजून काचेसारखं गुळगुळीत झालेलं, आणि त्यावर पॉलिश पेपरचे गोल ओरखडे. कडेचे दातही घासून गोलावलेले. नव्या प्लेटेचे दात बोटाला टोचतात.

मग सगळं जुळलं. प्लेटा झिजल्या की थप्पीची जाडी कमी होते, स्प्रिंगांचा दाब उतरतो आणि क्लच घसरतो. नवीन सेट टाकण्याऐवजी खाली वायसर घातले की स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि ट्रायलपुरता क्लच धरतो. पण मग लिव्हर जड होते, केबलवर ताण येतो, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर क्लच पूर्ण सुटत नाही. माझं न्यूट्रल हरवत होतं ते यामुळे. पॉलिश पेपर मारल्यावर काही दिवस पकड येते, तीही जाते. नवीन सेट आणि तेल टाकल्यावर लिव्हर दोन बोटांनी दाबली जाते, आणि गडाचा घाट तिसऱ्यात चढतो.

याच माणसाने ‘व्हिंटेज नंबर काढून देतो’ म्हणून आरटीओच्या नावाखाली ५,००० वेगळे घेतले होते. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी व्हिंटेजमध्ये बसतच नाही. १९८४ च्या गाडीला ते मिळणार कुठून? शिवाय नव्या नोंदणीची फी २०,००० आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. हे कोणी सांगत नाही.

काम देताना काढलेले जुने पार्ट परत हवेत हे आधीच बिलावर लिहून घ्या. जुन्या प्लेटा देता आल्या नाहीत तर त्या गाडीतच आहेत असं समजा. रिकामी खोकी दाखवतात, त्यावर जाऊ नका. मलाही दाखवली होती. चेनकेस बंद करण्याआधी प्लेटा बसवतानाचा व्हिडिओ मागा. कच्चं बिल घेऊ नका, कारण माझ्या हातात पक्कं बिल होतं म्हणूनच पुढचं जमलं.

वायसर, प्लेटा आणि बिल घेऊन गेलो तर आधी “पोरांनी केलं असेल” झालं, मग आवाज चढला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर क्लचचे पैसे आणि मजुरी परत आली. आरटीओचे ५,००० अजून अडकलेत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याच गॅरेजात गाडी दिलेले आणखी दोघं भेटलेत. पुढच्या रविवारी काकांकडे त्यांचेही चेनकेस उघडायचे आहेत.