डॉक्टरांची गाडी

मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होतो, कराराच्या पेपरला मार्कही बरे होते, आणि तरीही ‘गाडी जशी आहे तशी तपासून ताब्यात घेतली’ असं छापलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना “एवढं शिकून?” असं सारखं मनात यायला नको.

गाडी हवी होती आईसाठी. तिच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं आणि दर तीन आठवड्यांनी तिला बार्शीहून दाखवायला आणावं लागायचं. एसटीत तेवढा वेळ बसणं तिला जमेना, आणि भाड्याची गाडी दर खेपेला परवडेना. मागच्या सीटवर ती आडवी होणार म्हणजे सामान डिकीतच जायला हवं, आणि बार्शीहून निघताना आमचं सामान म्हणजे ज्वारीचं अर्धं पोतं धरूनच चालायचं. म्हणून सेडान. अण्णा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतले साडेतीन लाख त्यांनी दिले. गाडी बघायला मात्र मी त्यांना बोलावलं नाही. त्यांनी दहा गाड्यांत खोडी काढल्या असत्या आणि मला लक्ष्मीपूजनाला दारात गाडी उभी करायची होती. ही गोष्ट २०२३ च्या दिवाळीची.

अभ्यास केला नाही असं नाही. २००८ ते २०१३ मधली होंडा सिटी पाहिली, इंजिन दणकट, पण पार्ट महाग आणि आमच्याकडे तिला हात लावणारा माणूस नाही. व्हेंटो चालवायला झकास, पण तिचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स बिघडला तर विद्यार्थ्याचं वर्षाचं बजेट संपतं. इटिऑसची डिकी ५९५ लिटरची, पोतंच काय, बाजेवरची गादीही मावेल. पण या गाड्या बहुतेक टॅक्सीत चाललेल्या असतात म्हणून मी ती सोडली. आता त्याचं हसू येतं.

उरली डिझायर. लांबी चार मीटरच्या आत आणायची म्हणून २०१२ च्या मॉडेलला डिकी कापून ३१६ लिटरवर आणलेली, पण बाकी सगळं सोयीचं. १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं, तेच टाटाच्या मांझातही. त्यामुळे पार्ट कुठेही मिळतात आणि मिस्त्रीही. टायमिंग बेल्टची भानगड नाही, चेन आहे. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, म्हणून जुन्या चांगल्या डिझेल डिझायरवर लोक तुटून पडतात. जिथे लोक तुटून पडतात तिथेच मीटर मागे जातं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पिंपरीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. २०१४ ची, पांढरी, मीटरवर ६१,३४०. “दादा, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. डॉक्टरसाहेबांना विकायचीच नव्हती,” एजंट म्हणाला. डॉक्टरांना फोनही लावून दिला. पलीकडून एक शांत, भारदस्त आवाज आला, “गाडीला जपा हं, बाळासारखी वापरलीय.” मी त्या वाक्यावर गेलो. गाडीला काय काय झालंय हे विचारायचं सोडून मी त्यांना “सर, तुम्ही काळजी करू नका” असं सांगत बसलो!

आता काय काय दिसत होतं ते सांगतो, कारण दिसत सगळं होतं. मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम. “आत्ताच धुऊन आणली.” गरम इंजिनात सकाळचा धूर दिसत नाही आणि चेनचा खडखडाटही ऐकू येत नाही, गाडी थंड असतानाच सुरू करून बघायची असते. सीट कव्हर नवं, स्टिअरिंगचं कव्हर नवं, आणि ब्रेक-क्लचच्या पॅडलवरचे रबरसुद्धा नवे. एकसष्ट हजारांत क्लचचा रबर कोण बदलतो? ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा काठ कव्हराखालून बसलेला लागत होता, मागच्या दारांच्या आतल्या हँडलांचा रंग उडाला होता. डॉक्टर एकटे दवाखान्यात जायचे तर मागची दारं कोण उघडत होतं? चारही टायर नवे होते आणि मला त्याचा आनंद झाला.

आरसी मी पाहिली. सरकारी ॲपवर नंबर टाकला: पहिलाच मालक, बोजा नाही, गाडी चोरीची नाही. नावापुढे ‘डॉक्टर’ नव्हतं. “आरसीवर डॉक्टर लिहीत नाहीत,” एजंट म्हणाला. टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे, मालकाची सही होऊन तयार होते. बाकी रकाने कोरे. सौदा ३ लाख ४५ हजारांना ठरला. दोन लाख एका बाईंच्या खात्यावर ऑनलाइन (“डॉक्टरांच्या मिसेस”), बाकी रोख. पावती फक्त दोन लाखांची. “इन्शुरन्सवर पन्नास टक्के नो क्लेम आहे, तुमचा फायदाच,” हेही वर. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पॉलिसी माझ्या नावावर करताना तो गेला आणि फरक भरावा लागला.

बार्शीत अण्णांनी गाडीला हार घातला, किल्ली फिरवली, आणि दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. भकभक वाफ आली. “बॅक मारतंय,” एवढंच म्हणाले, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, आणि आई बघतेय म्हणून झाकण लावून टाकलं.

तिसऱ्या खेपेला भिगवणच्या पुढे गाडीनं पिकअप सोडला. मागे काळा धूर, चौथ्यात रेस वाढतेय पण वेग वाढत नाही. आई मागे आडवी. टोइंग करून टेंभुर्णीपर्यंत आणली. टर्बोमधून ऑइल गळत होतं, क्लच घसरत होता, चारपैकी दोन इंजेक्टर गेलेले. दोन महिन्यांत ८१ हजार खर्च झाले. ‘मेंटेनन्स परवडणारी गाडी’ हे खरंच आहे, फक्त तो मेंटेनन्स आधीच्यानं केलेला असला पाहिजे.

फसवणुकीचा उलगडा झाला तो मात्र चलानांमुळे. गाडी नावावर करायला गेलो तर सहा ई-चलान बाकी. वाहतूक पोलिसांच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की ती दिसतात, काहींवर फोटोही असतो. घेण्याआधी पाच मिनिटांचं काम होतं. सहापैकी चार चाकणच्या बाजूची, पहाटे साडेपाच ते सहाच्या दरम्यान. एका फोटोत आत पाच माणसं, दोघांच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड. मी मेसच्या टेबलावर तो फोटो मोठा करून बघत बसलो होतो, समोरची आमटी गार झाली.

आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. खेड तालुक्यातलं गाव, दारात म्हशी. मालक म्हणजे चाळिशीतले एक गृहस्थ, त्यांनी आधी चहा ठेवायला सांगितला. गाडी त्यांनी कामगारांची ने-आण करायला कंपनीला लावली होती, पांढऱ्या पाटीवरच, म्हणजे टॅक्सी म्हणून नोंद न करता. “मी दिली तेव्हा दोन लाख अडतीस हजार पळालेली होती, भाऊ. एजंटला तोंडावर सांगितलं. दोन लाख पाचला दिली.” डॉक्टर कोण, त्यांना माहीत नव्हतं. खात्यावरच्या बाईही माहीत नव्हत्या. त्यांनी फक्त कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या. मला त्यांचा राग येईना. नंतर मारुतीच्या वर्कशॉपमध्ये नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढली: २०१८ च्या ऑगस्टमध्येच १,५२,८०६ किलोमीटर. त्यानंतर गाडी तिथे आलीच नव्हती. ही नोंदही मला आधी मिळाली असती.

एजंट म्हणाला, “मी फक्त मध्यस्थ. कागद मालकाचे, सही तुमची.” १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते याच्याकडे आहे का हे मी आता विचारलं. चौकीत सांगितलं, हे दिवाणी आहे. मी ४२० म्हणालो, ते म्हणाले आधी लेखी द्या. दिलं, पोचही घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण माझ्या हातात पावती दोन लाखांची आहे, रोख दिलेल्या १ लाख ४५ हजारांना कागद नाही, आणि ‘जशी आहे तशी’ खाली माझीच सही. तारखा पडतायत. शेडवर आता दुसरीच पाटी आहे.

गाडी विकायची ठरवली तेव्हा दुसरा एक एजंट म्हणाला, “मीटर आहे तसंच राहू द्या सर, तीनला काढून देतो.” अण्णांनी त्याला पाणी विचारलं आणि वाटेला लावलं. गाडी अजून आमच्याकडेच आहे. अण्णांनी डॅशबोर्डात एक दोनशे पानी वही ठेवलीय, एसटीच्या लॉगशीटसारखे रकाने आखून. मीटरवर काहीही असो, ते त्यात १ लाख ७७ हजार मिळवून लिहितात. परवा आईला दाखवून परत येताना त्यांनी टेंभुर्णीला डिझेल भरलं, वही काढली आणि म्हणाले, “दोन ऐंशी झाले की चेन बघून घेऊ.”