गर्ल्स रॉक कॅम्प की स्कूल ऑफ रॉक? लेकीची सुट्टी ठरवताना

अमेरिकेत उन्हाळी कॅम्पांची नावनोंदणी ऐन थंडीत सुरू होते, त्यामुळे तिथल्या मराठी आईबापांना जानेवारीतच ठरवावं लागतं. दहा-अकरा वर्षांची लेक ‘गिटार, गिटार’ करतेय. तिला मुलींना रॉक बँड बनवायला शिकवणाऱ्या, आठवडाभराच्या गर्ल्स रॉक कॅम्पला घालायचं, की वर्षभर चालणाऱ्या स्कूल ऑफ रॉक या संगीतशाळेत?

स्कूल ऑफ रॉक १९९८ साली फिलाडेल्फियात सुरू झालं. आता त्याच्या शाखा देशभर आहेत. मुलगे-मुली एकत्र, आठवड्याला एक वैयक्तिक शिकवणी आणि एक बँडचा सराव, आणि काही महिन्यांनी जाहीर कार्यक्रम. गाणी बहुतेक गाजलेल्या बँडची, म्हणजे मुलांना जमेपर्यंत घोटावी लागणारी. आपल्याकडच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या पालकांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

कॅम्पचा जीव वेगळा. पहिला कॅम्प २००१ साली पोर्टलंडमध्ये झाला, तोही एका विद्यापीठीय प्रकल्पातून. बँडमध्ये मुली गायला उभ्या राहतात, पण ड्रमवर आणि अँप्लिफायरजवळ मुलगेच दिसतात, हे बदलायचं होतं. ब्रुकलिनच्या कॅम्पने तर नावच विली मे थॉर्नटनचं घेतलं. एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ साली गाजवलेलं ‘हाउंड डॉग’ हे गाणं या कृष्णवर्णीय गायिकेने चार वर्षं आधी ध्वनिमुद्रित केलं होतं. हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे आठ वर्षांच्या पोरींना सांगतात.

कॅम्पमध्ये सोमवारी वाद्य निवडायचं. कधी हातात धरलेलं नसलं तरी चालतं. लगेच अनोळखी मुलींबरोबर बँड बनवायचा, त्याला नाव द्यायचं, गाणं स्वतः रचायचं आणि शनिवारी खऱ्या स्टेजवर वाजवायचं. सकाळी वाद्याचा वर्ग, दुपारी बँडचा सराव, मध्ये स्वसंरक्षण किंवा गीतलेखनाची कार्यशाळा, आणि जेवणाच्या सुट्टीत एखाद्या स्थानिक बँडचा कार्यक्रम. शिकवणाऱ्याही बहुतेक स्त्रियाच, पुष्कळशा स्वयंसेवक. काही कॅम्पांत चूक झाली की ‘सॉरी’ म्हणायची बंदी असते, त्याऐवजी ‘आय रॉक’ म्हणायचं! ऐकून हसू येतं, पण आपल्या घरात मुली दिवसातून किती वेळा सॉरी म्हणतात ते एकदा मोजून बघा.

आता खरी गोष्ट. पाच दिवसांत गिटार येत नाही. दोन बोटांची पॉवर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) गिटारच्या पट्टीवर वरखाली सरकवता येते, बास गिटारवर एकेक सूर धरता येतो, ड्रमवर साधा ठेका बसतो. तेवढ्यावर एक गाणं उभं राहतं. पण सगळ्या तारा एका बोटाखाली दाबायची बार कॉर्ड स्वच्छ वाजायला काही महिने लागतात, बोटांना घट्टे पडावे लागतात. ते काम दर आठवड्याच्या शिकवणीचंच. त्यामुळे ‘परत आल्यावर वाजवून दाखव’ म्हणून पाहुण्यांसमोर बसवायच्या बेताने कॅम्पला घालू नका.

पैशाचं म्हणाल, तर वर्षभराची मासिक फी साठत जाते, आणि वाद्य घरी लागतंच. कॅम्प बहुतेक ना-नफा संस्थांचे. पुष्कळ ठिकाणी उत्पन्नानुसार फी किंवा सवलत मिळते आणि आठवड्यापुरतं वाद्यही देतात. मात्र प्रत्येक शहरात कॅम्प नसतो, आणि जागा पटकन भरतात.

मला विचाराल, तर जी मुलगी खोलीचं दार लावून गुणगुणते आणि चारचौघांत गप्प होते, तिच्यासाठी कॅम्प, तोही आधी. सप्टेंबरमध्ये शिकवणी लावा. तोवर गिटार की ड्रम, हे तिचं तिलाच कळलेलं असेल. जी आधीच रोज तासभर वाजवते आणि ‘हा भाग नीट का येत नाही’ म्हणून चिडते, तिला थेट वर्गात घाला. भारतीय गाणं शिकत असेल तर ते मोडू नका. स्वराची ओळख बँडमध्ये फार उपयोगी पडते.

आणि शनिवारी कार्यक्रमाला जाताना कानात घालायचे बोळे न्या. नऊ वर्षांच्या ड्रमरचा हात हलका नसतो.