ग्रो-बॉक्ससाठीचा छोटा पेल्टियर डीह्युमिडिफायर
विजेने थंड होणाऱ्या पट्टीवर (पेल्टियर) हवेतल्या बाष्पाचे पाणी करून ते टाकीत साठवणारे हे यंत्र ग्रो-बॉक्समध्ये, म्हणजे दिव्यांखाली बंद पेटीत, रोपे वाढवणाऱ्यांना उपयोगी पडेल, मात्र अपेक्षा बेताच्याच ठेवाव्यात. दिवे बंद झाले की तापमान उतरते, सापेक्ष आर्द्रता झपाट्याने चढते आणि पानांवर ओल धरून करड्या बुरशीला आयतेच फावते. नेमक्या त्याच वेळी माझ्या पेटीत याने आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास रोखून धरली, ही त्याची खरी जमेची बाजू. थंड खोलीत मात्र त्याचा जोर ओसरतो. टाकी इवलीशी आहे, आणि तिच्या तळाशी धरणारा बुळबुळीत थर वेळच्या वेळी पुसला नाही, तर तिथेही बुरशी धरू शकते. हवा बाहेर टाकणारा पंखा आणि दाटीतल्या पानांची विरळणी यांना हा पर्याय नव्हे. पंखा नसेल, तर आधी तोच घ्यावा.