इन्व्हर्टर असलेल्या घरात लाईट गेल्याचं सांगणारा तांबडा दिवा: वळीव आणि पावसाळ्यानंतरचा अनुभव

घरात इन्व्हर्टर आला की लाईट गेलेली कळतच नाही. पंखा फिरत असतो, ट्यूब चालू असते. मग कुणीतरी मिक्सर लावतं आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बोंब मारतो. आमचा इन्व्हर्टर जिन्याखाली, त्याची बीप स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला हा दिवा करून घेतला. वळीव झाला, पावसाळाही सरला, आता लिहायला हरकत नाही.

सामान फार नाही. २३० व्होल्ट एसी कॉइलचा आठ पिनी रिले (म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आपोआप खेचला जाणारा स्विच), तो बसवायचा बेस, तांबडा एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि १ अँपिअरचा काचेचा फ्यूज. रिले-बेस म्हणजे पॅनेलवाल्यांचा रोजचा माल, उद्यमनगरात सहज मिळाला. लाईट असेपर्यंत कॉइल रिलेला खेचून धरते. लाईट गेली की रिले सुटतो, त्याचा एनसी (कॉइलला वीज नसताना जुळलेला असणारा) कॉन्टॅक्ट जुळतो आणि इन्व्हर्टरच्याच १२ व्होल्ट बॅटरीवर एलईडी लागतो. करंट जेमतेम १० मिलिअँपिअर, रात्रभर लागला तरी बॅटरीला पत्ता नाही. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर रेझिस्टन्स २.२ किलोओहमचा घ्या.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. कॉइलची वायर इन्व्हर्टरच्या आधीच्या लाईनवरून घ्यायची. आउटपुटवरून घेतली तर दिवा कधी लागायचाच नाही. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच हवा. बॅटरी बाराच व्होल्टची असली तरी शॉर्ट झाली तर वायर लाल करून सोडते. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच करून घ्या, तिथे हौस नको.

मीटरच्या बोर्डावर निऑनचा इंडिकेटर आधीपासून आहेच की, असं कुणी म्हणेल. पण विझलेल्या दिव्याकडे कोण बघतंय? लागलेला दिवा डोळ्यांत भरतो. शिवाय निऑन शंभरेक व्होल्टवरही मजेत लागलेला असतो, त्याच्या भरवशावर मोटर चालू करू नये.

दिवा लावला मिक्सरच्या स्विचशेजारी, आणि खरा फायदा या जागेचाच. पहिल्या वळवात तारांवर फांद्या पडून लाईट गेली, तेव्हा सासूबाई चटणी वाटायच्या तयारीत होत्या. "तांबडा लागलाय गं, राहू दे," म्हणाल्या आणि खलबत्ता काढला. आता नळाला पाणी आलं की मोटरकडे जायच्या आधी सगळे आधी तिकडेच नजर टाकतात.

खोडीही आहेत. कॉइल चोवीस तास चालू, त्यामुळे रिले हाताला कोमट लागतो आणि शांत वेळी बारीक गुणगुणतो. वीज नगण्य, दोन वॅट धरले तरी महिन्याला दीड युनिट होत नाही. जास्त त्रास लो व्होल्टेजचा. एकदा खेचलेला रिले व्होल्टेज बरंच पडलं तरी सुटत नाही, म्हणजे पंखा रेंगाळतोय आणि दिवा मात्र गप्प. पावसाळ्यात एकदा लाईट परतली ती अशीच अर्धवट. रिले धड खेचेना, धड सोडेना, नुसता टर्रर्र वाजत राहिला आणि एलईडी लुकलुकायला लागला. मेन स्विच पाडला तेव्हा गप्प बसला. तुमच्या गल्लीत हे रोजचंच असेल तर रिलेऐवजी व्होल्टेज बघून तोडणारा तयार प्रोटेक्टर घ्या, महाग पडला तरी.

आमचा खर्च चारशेच्या आत, वायरमनची मजुरी वेगळी. इन्व्हर्टर नसेल तर या भानगडीत पडू नका. अंधार झाला की कळतंच.