वू फेई–अबिगेल वॉशबर्न अल्बम : सात महिने ऐकल्यानंतर

ऐन पावसाळ्यात माझा ब्लूटूथ स्पीकर मुका झाला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, बोर्ड बदलावा लागेल, बावीसशे. अहो, अख्खा स्पीकरच अठराशेचा! दोन हेलपाटे घातले, वाद घातला, शेवटी तसाच उचलून आणला आणि माळ्यावरून बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर नि लाकडी स्पीकर खाली काढले. या अल्बमबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून फिरलं.

अल्बम स्मिथसोनियन फोकवेज या रेकॉर्ड कंपनीचा, २०२० चा. चिनी वादक वू फेईचं गुझेंग (आडवं ठेवून छेडायचं चिनी तंतुवाद्य), अमेरिकन गायिका-वादक वॉशबर्नचा बँजो, निर्माता बेला फ्लेक. विकत घेतल्यापासून माझी तक्रार एकच होती : दोन-दोन गाणी एकाच ट्रॅकमध्ये का? ‘वॉटर इज वाइड’मध्ये चीनमधलं ‘वूसूली बोट साँग’, ‘रोव्हिंग काउबॉय’ला चीनमधल्याच उइगुर लोकांचं ‘अवारगुली’ जोडलेलं. मला ओळखीचं तेवढंच हवं असायचं. चिनी भाग आला की पुढे ढकलायचे. पैसे पूर्ण मोजून अर्धंच ऐकतेय, हे सतत टोचायचं. शिवाय सगळंच भूप रागासारखं वाटायचं.

मोठ्या स्पीकरवर पहिल्यांदा गुझेंगची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं, नीट कानावर आली. वादक उजव्या हाताने तार छेडतो आणि घोडीच्या (तारेखालच्या आधाराच्या) पलीकडे डाव्या हाताने तीच तार दाबतो. एकवीस तारा, पण मिळवलेल्या पाचच स्वरांत : सा रे ग प ध. भूप वाटायचा तो उगाच नाही! मध्यम हवा तर गंधाराची तार दाबायची, निषाद हवा तर धैवताची. ते स्वर सरकत, जागा शोधत येतात. माझा छोटा स्पीकर ही सगळी सरक गिळून टाकत होता.

बँजोचंही तसंच. वॉशबर्न जुन्या क्लॉहॅमर पद्धतीने वाजवते : नखाने खाली आघात आणि अंगठा आखूड पाचव्या तारेवर. ती तार एकच वरचा स्वर धरून राहते, सतारीवर मधूनमधून छेडतात त्या चिकारीच्या तारेसारखी. अ‍ॅपलाचिया या अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या कितीतरी चालीही पाच स्वरांच्याच. म्हणून ‘वॉटर’मधून ‘वूसूली’त शिरताना ठेच लागत नाही. ज्या सांध्यावर मी सात महिने चिडत होते, तीच या अल्बममधली सर्वांत सुंदर जागा आहे. आता ट्रॅक पुढे ढकलत नाही.

एक हळहळ मात्र राहिली. इथे मोरिन खूर हे गजाने वाजवायचं मंगोल वाद्य नाही. त्यासाठी वॉशबर्नच्या २०११ च्या ‘सिटी ऑफ रेफ्यूज’ या अल्बमकडे जावं लागतं. तिथे मंगोल संगीत वाजवणारा बीजिंगचा हांगाई बँड आहे, पण पाहुणा म्हणूनच. खूरला घोड्याच्या केसांच्या दोनच तारा, वर कोरलेलं घोड्याचं डोकं, आणि गजाखाली थेट छातीत उतरणारा खर्ज. बँजोचा आवाज उमटतो नि लगेच विरतो. त्याला असा लांबणारा सूर हवाच आहे. वॉशबर्नने खूरवाल्यांबरोबर अख्खा अल्बम केला, तर सवलतीची वाट न बघता पहिल्याच दिवशी घेईन.