तारांऐवजी अलाइनर: नऊ महिन्यांनंतर

खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आणि वरचा डावा सुळा फिरलेला, एवढीच माझी तक्रार. तारा नको होत्या म्हणून पारदर्शक अलाइनर घेतले, म्हणजे दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे (ट्रे), जे एकामागून एक बदलायचे.

नवा ट्रे घातला की पहिले दोन दिवस दात ठणकतात, चावताना जास्तच. प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढे ढकलतो. त्या दाबाने एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं, आणि दात सरकतो. दाब सतत लागतो, म्हणून दिवसाचे २० ते २२ तास ट्रे तोंडात हवा. खायला आणि ब्रश करायला काढायचा, बस्स. पाण्याशिवाय काही प्यायचं तरी काढायचा.

हे मी चौथ्या महिन्यात हलकं घेतलं. येता-जाता काहीतरी खायला ट्रे काढायचा, मग ब्रश करून परत घालायचा राहून जायचा. तास पंधरा-सोळावर आले. बाकीचे दात निभावले, पण सुळ्याच्या टोकाशी ट्रेमध्ये पोकळी दिसायला लागली. सुळा गोलसर असतो, त्याला फिरवताना ट्रेची पकड सुटते. डॉक्टरांनी दोन ट्रे मागे जायला लावलं, तेवढ्यानेही जमेना, शेवटी पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे आले. दोन महिने गेले. तारा असत्या तर माझ्या आळसाचा काही परिणाम झाला नसता, हे मला फार लागलं.

‘दिसतच नाहीत’ हेही पूर्ण खरं नाही. ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. त्यांच्यामुळे ओठ आतून आठवडाभर सोलवटला होता. जागा करण्यासाठी खालच्या दातांच्या मधे बारीक पट्टीने घासलं, तेव्हा मी घाबरले होते. दुखलं मात्र नाही. ट्रेमुळे बोलताना बिघडलेले ‘स’ आणि ‘श’ चार-पाच दिवसांत सुधारले. ट्रे गरम पाण्यात धुऊ नका, आकार बिघडतो.

तरी दात नीट घासता येतात, दोऱ्याने फटी साफ करता येतात, हिरड्या सुजल्या नाहीत. यासाठी मी पुन्हा हेच निवडेन. पण तुमचा दात खूप फिरलेला असेल तर अलाइनरने किती फिरेल, हे सुरुवातीलाच स्पष्ट विचारा.

खालची रांग आता सरळ आहे. सुळ्यासाठी सहा ट्रे उरलेत, मग सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर.